ब्रेकला लागलेला शेवटचा हात

— हात लावू नका म्हणालेत? कोण, मालक? म्हणजे माझा नवरा येईपर्यंत गाडीचं बॉनेटसुद्धा उघडायचं नाही? बरं. नाही उघडत, मी कशाला उघडू, मला काय कळतंय त्यातलं. तुम्ही तुमचं काम चालू द्या, काका, मी इथेच बसते. पाचला येतो म्हणालाय तो, आणि आत्ता — सव्वाचार. हो, जरा लवकरच आले. घर जवळ आहे ना. म्हणजे तसं जवळ नाहीये, दोन बस बदलल्या, पण घरी बसून तरी काय करणार होते — मुलगी आजीकडे आहे, गाडी तुमच्याकडे आहे, उरले मीच. खुर्ची नको हो, उभीच बरी आहे. अहो, पुसू नका, तुमचा फडका खराब होईल. लहान मूल असलं की कपडे दोनच प्रकारचे असतात, धुवायचे झालेले आणि आता होणारे. बसले बघा.

किती बिचारी दिसतेय कोपऱ्यात. बंपर असा लोंबतोय जसं कुणी तिच्या थोबाडीत मारलीय. सासूबाई तिला थोरली म्हणतात, माहितेय? थोरली सून. सासऱ्यांनी घेतली सोळा वर्षांपूर्वी, मी आले पाच वर्षांपूर्वी, म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. आधी गंमत वाटायची. आता असं होतं की त्या म्हणतात, थोरलीने आजवर कधी दगा दिला नाही — आणि वाक्य तिथेच सोडून देतात. पुढचं मी आपलं मनातल्या मनात पूर्ण करते. सासरे गेल्यापासून तर रोज सकाळी तिची काच पुसतात त्या. काल रिकाम्या जागेपाशी फडका घेऊन उभ्या होत्या. मी खिडकीतून बघितलं आणि आत आले.

काय? हे होय — काही नाही, मनगट मुरगळलंय थोडं. स्टीअरिंगवर आपटलं असेल. नाही, दाखवलं नाही कुणाला. डॉक्टरांनी मुलीला वरपासून खालपर्यंत तपासलं, दोनदा, नवऱ्याने दोन्ही वेळा तपासायला लावलं, ती आपली डॉक्टरांच्या गळ्यातली नळी ओढत हसत होती. मग सगळे म्हणाले, सुटलो, कुणाला काही झालं नाही. मीही म्हणाले. त्या गडबडीत हात राहूनच गेला. बर्फ कशाला, काका, असू द्या ना. अहो, तुम्ही काम करा. तुम्ही असं विचारलंत की मला — जाऊ दे. पाणी चालेल.

नवऱ्याचं म्हणणं तुम्हाला कळलंच असेल. तो तपासनीस आहे ना कारखान्यात, माल खराब निघाला की दोष नेमका कुणाच्या टेबलावर शिरला ते शोधायचं, हाच त्याचा दिवसभराचा धंदा. त्याने जेवणाच्या ताटावर मीठ आणि चमचा ठेवून मला समजावून सांगितलं. महिन्यापूर्वी तुम्ही ब्रेकचे पॅड बदलले. महिन्यानंतर गाडी थांबली नाही. मधे ब्रेकला कुणी हात लावला? कुणीच नाही. म्हणजे ब्रेकला लागलेला शेवटचा हात मिस्त्रीचा. मीठ सरकवून त्याने चमच्याला लावलं. मी म्हटलं, हं. एवढंच म्हटलं मी. हं. त्याला कुणी खोटं बोलणं म्हणू शकणार नाही — नाही का? — आणि मग त्याने तुमच्या मालकांना फोन लावला, स्पीकरवर, आणि मालक म्हणाले, साहेब, तुम्ही लेखी द्या, त्या माणसाला मी उद्याच घरी बसवतो. मी तेव्हा मुलीचं तोंड पुसत होते. स्वच्छ झालं तरी पुसत राहिले. किती वर्षं झाली तुम्हाला इथे? बावीस? बघा.

नाही, मी हे तुम्हाला सांगायला आले नाहीये. मी आपली — गाडीत मुलीचं एक पांघरूण राहिलंय, ते घ्यायला आले. तेवढं चालेल ना? पांघरूण म्हणजे काही पुरावा नाही. घेते मग जाताना.

काका, मला एक सांगा, नुसतं कुतूहल म्हणून विचारते. तुम्ही गाडी उघडलीत की पहिल्यांदा काय बघता? म्हणजे चाकं, की तेल, की सगळ्यात आधी ते फ्यूजचं खोकं? असं नाही ना की लगेच खोकं उघडतात? — उघडतात. बरोबर आहे, सोपं ते आधी. आणि एखादा फ्यूज जळला असेल तर तो लगेच कळतो, आतली तार काळी पडलेली असते, हे मी वाचलंय. म्हणजे जळलेला वेगळा आणि नसलेला वेगळा, हे तर —

मी काय म्हणाले? नाही, जळलेला म्हणाले. नसलेला कशाला म्हणेन. तसं बोलण्याच्या ओघात — तुम्ही तो पाना खाली ठेवलात. का ठेवलात? काम थांबवू नका ना, काका, प्लीज, तुम्ही काम करत होतात तोवर मला बोलता येत होतं.

गुरगुर आठवते का तुम्हाला? पॅड बदलायला आले तेव्हा सांगितली होती. गाडी थांबायला आली, अगदी माणूस चालेल इतक्या वेगाला आली, की पायाखाली पेडल थरथरायचं आणि खालून आवाज — गुर्रर्र. आणि तुम्ही मागचं चाक काढून दाखवलं होतंत मला, ती गोल कडी, दात असलेली, गंजून एका जागी फुगलेली. म्हणालात, ताई, सेन्सर हे दात मोजतो, कडी खराब झाली की त्याचा हिशेब चुकतो, त्याला वाटतं चाक घसरतंय, म्हणून तो उगाचच एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारं यंत्र, चालू करतो. म्हणालात, कडी मागवावी लागेल, जुनी गाडी, पंधरा-वीस दिवस लागतील, गाडी इथे ठेवलीत तर उत्तम, नाहीतर आवाज येईल पण घाबरू नका. इतकं नीट समजावलंत. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, सांगितलं होतं ना तुम्हाला, नववीला, मूल होईपर्यंत — तुमच्याइतकं नीट मला कधी जमलं नाही.

मग तुम्ही मालकांना हे का नाही सांगितलंत? काल त्यांनी एवढं सुनावलं म्हणे तुम्हाला, तेव्हा म्हणायचं ना, मी सांगितलं होतं, कडी खराब आहे, गाडी ठेवा म्हटलं होतं. तुमच्या कामाच्या कार्डावर — हो. कार्डावर नाहीये ते.

मीच म्हणाले होते ना, लिहू नका.

म्हणाले होते, काका, एवढं कार्डावर नका लिहू, घरी कार्ड वाचतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पेन खिशाला लावलंत आणि गाडी पुसायला लागलात. का म्हणून विचारलं नाहीत. आत्तासुद्धा विचारत नाही आहात. काल मालकांपुढेही तोंड उघडलं नाहीत. कशासाठी? मी तुमची कोण? ‘मला तुमच्याएवढी मुलगी असती तर’, असलं काही म्हणू नका हं, मी रडेन आणि मग काही सांगता येणार नाही.

गाडी ठेवायची असं लिहिलं असतं ना तुम्ही कार्डावर, तर त्याने ठेवली असती. त्याच दिवशी. वीस दिवस गाडी नाही. तुम्हाला वाटेल, त्यात काय, लोक गाडीशिवाय आयुष्य काढतात. तर — आमची ठमी झोपत नाही. ठमी म्हणजे मुलगी, खरं नाव मोठं आहे, पण ती आहेच तशी ठेंगणी. दीड वर्षाची झाली. मांडीवर नाही, पाळण्यात नाही, खांद्यावर घेऊन खोलीत शंभर फेऱ्या मारा, नाही. गाडी सुरू केली की दुसऱ्या वळणाला मान टाकते. म्हणून दुपारी तिला मागे बसवायचं आणि निघायचं. आणि ती झोपली, सिग्नल आला, मी हळूच ब्रेक लावला की खालून गुर्रर्र — दचकून उठायची. तिला वाटायचं गाडीत कुणीतरी जनावर आहे. सीटखाली बोट दाखवून म्हणायची, भू, भू. पुढे पुढे तर सिग्नल दिसला की आधीच ओठ काढायची. मी लांबून दिवा बघून गाडी अशी सोडून द्यायचे की हिरवा होईपर्यंत थांबावंच लागू नये. मागून लोक काय काय बोलायचे, ते सोडा.

मग वाचलं. वाचायची सवय वाईट. कुणीतरी लिहिलं होतं, एबीएसचा फ्यूज काढा, गुरगुर बंद, साधे ब्रेक चालूच राहतात. खोक्याच्या झाकणात तो छोटा चिमटा असतो, प्लॅस्टिकचा, तोही त्या माणसाने लिहिला होता. दोन मिनिटांचं काम. पिवळा, दोन पायांचा, बोटाच्या पेराएवढा. निघाला तेव्हा टक् असा आवाज आला आणि मला इतकं — काय सांगू, मला अभिमान वाटला. वर्षभरात पहिल्यांदा एखादी गोष्ट मी बिघडलेली पाहिली आणि ती माझ्या हाताने गप्प झाली. समोर नारिंगी दिवा लागला तर त्याच्यावर ठमीच्या वहीतलं बदक चिकटवलं. नवरा एकदा म्हणाला, हे बदक काय? मी म्हटलं, ठमीने लावलं. दीड वर्षाच्या मुलीवर ढकललं मी.

तीन आठवडे छान गेले. गेल्या मंगळवारी त्या उताराला कुठलासा पाईप फुटला होता, रस्ता ओला. वेग काही नव्हता फार, चाळीसच्या आत. कचऱ्याची गाडी गल्लीतून मागे-मागे येत बाहेर पडली. आणि मी, काका, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं केलं. ब्रेक पूर्ण दाबला, दाबून धरला, स्टीअरिंग डावीकडे फिरवलं. कारण एबीएस असलेल्या गाडीत असंच करायचं असतं. मी शिकवायचे हे! फळ्यावर चाक काढून — घासत जाणाऱ्या चाकाची पकड फिरणाऱ्या चाकापेक्षा कमी, म्हणून यंत्र क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं, तुमच्या पायाला जमणार नाही इतक्या वेगाने. मुलं विचारायची, बाई, आणि यंत्र नसेल तर? तर चाकं जाम होतात आणि गाडी तुमचं ऐकत नाही. दोन मार्कांचा प्रश्न. मी स्टीअरिंग पूर्ण फिरवलेलं आणि गाडी सरळ चाललीय, अगदी शांत, आवाजसुद्धा नाही, जसं एखादं मोठं माणूस हात धरून नेतं तशी सरळ त्या लोखंडी मागच्या टोकाकडे. पाय उचलायला हवा होता. थोडा सोडला असता तर चाकं फिरली असती. नाही सोडला. यंत्र सोडेल म्हणून मी धरून राहिले. फ्यूज मीच काढला होता, डोक्यातला मात्र काढायचा राहिला.

कचऱ्याच्या गाडीवाल्याने पुढे घेतली म्हणून वाचलो. एवढंच. त्याने आरशात बघितलं असेल. आम्ही त्याला घासून गेलो, फुटपाथ, मग भिंत. ठमी उठलीसुद्धा नाही आधी. मी मागे वळून बघितलं तर मान टाकून — आणि मला वाटलं — नाही, ते नाही सांगत. झोपली होती ती. झोपली होती.

आता तुम्हाला खरं सांगू? मी पांघरुणासाठी नाही आले. हे कबूल करायलाही नाही आले. मी तो परत लावायला आले होते. पर्समध्ये आहे. मालक पाचपर्यंत कुणाला हात लावू देणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून सव्वाचार. पांघरूण घेते म्हणून दार उघडायचं, स्टीअरिंगखालच्या खोक्याशी वाकायचं, दोन मिनिटं. मग गाडी उघडली की सगळं जागच्या जागी. यंत्र चालू. फ्यूज चांगला. मग राहिलं काय? मीठ आणि चमचा. मी बसमध्ये बसून हे सगळं नीट जुळवलं, काका, आणि एकदाही मला तुमचा चेहरा आठवला नाही, म्हणजे मी आठवू दिला नाही. आणि तुम्ही काय, तर पहिल्यांदा विचारलंत, हाताला काय झालं.

हा घ्या. ठेवते इथे, तुमच्या फडक्यावर.

नाही, तुम्ही बाहेर का जाताय? पाच मिनिटं म्हणजे? अहो — नका. मला कळलं तुम्ही काय करताय. तुम्ही पाठ फिरवून जाणार आणि मी तो लावणार आणि तुम्ही काही पाहिलंच नाही. बसा खाली. बावीस वर्षांचं काम सोडून निघालेत मोठे. आणि उंदराने वायर तोडली असंही सांगायचं नाही, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय मला. माझा नवरा दोष शोधतो, त्याला उंदीर सापडला नाही तर तो उंदराचं बीळ शोधत बसेल.

मी सांगते. फ्यूजचं सांगणं सोपं आहे. रागावेल, मीठ-चमचा फेकेल, आठवडाभर गप्प बसेल, सासूबाई थोरलीच्या नावाने उसासे टाकतील, होईल. चालतं मला ते. मला भीती त्याची नाहीये.

तो विचारेल, तिकडे कशाला गेली होतीस. विचारलंच त्याने, मंगळवारीच. ती जागा आमच्या घरापासून तीस किलोमीटर लांब आहे. मी म्हटलं, नव्या डॉक्टरांची चौकशी करायला. फ्यूज कळला की तो हेही पुन्हा विचारणार, एक खोटं सापडलं की दुसरं उकरायचं हे त्याचं कामच आहे. आणि मी कुठेच गेले नव्हते, काका. कुठेच जात नव्हते. ठमी साधारण चाळीस मिनिटांत गाढ झोपते, मग परत फिरायला हवं. मी फिरत नाही. रोज. सोसायटीच्या फाटकापाशी येते, खिडक्या दिसतात, दोन खोल्या, वाळत घातलेले लंगोट, आणि माझा पाय ब्रेकवर जातच नाही. पुढे जाते. नव्वद किलोमीटर, शंभर. साडेसहाला तो येतो, त्याच्या आधी दहा मिनिटं घरी. कुणाशी बोलत नाही. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाकडे बघते, तो काच वर घेतो. कधीकधी मी मोठ्याने धडा शिकवते, गाडीत, नववीचा, घर्षण. मागून कुणी विचारत नाही, बाई, आणि यंत्र नसेल तर. तुमच्या इथे पॅड बदलायला आले त्या दिवशी दीड तास बोलत होते ना मी? तुम्ही हं-हं करत होतात. घरी जाऊन मला इतकी शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी परत यायला काही कारण सापडतंय का ते बघत होते. फ्यूज काढायच्या आधी मी खरं तर तेही केलं — दोनदा तुमच्या फाटकापर्यंत येऊन गेले. नुसती गुरगुर घेऊन काय यायचं, म्हणून वळले. आले असते तर.

हे कसं सांगतात हो? फ्यूज काढला, असं सांगता येतं. त्याला नाव आहे, नंबर आहे, झाकणावर चित्र आहे. हे कोणत्या खोक्यात असतं?

नाही, उत्तर नका देऊ. मी उगाच — किती वाजले? पाचला दहा कमी. हॉर्न वाजला का? तो नेहमी लवकर येतो, तपासायचं काही असलं की — हो, तोच. बघा, तिकडून सरळ मालकांच्या खोलीकडेच निघाला. हातात कागद आहे.

अरे! इकडे! नाही, मालकांना नको, आधी मी — हो, मी केव्हाची आलेय. ठमी आईंकडे आहे, बरी आहे, जेवलीय, झोपली नाहीये. तो कागद दे इकडे. दे ना. यात लिहिलंयस ते सगळं चूक आहे आणि का चूक आहे ते मी सांगते, पण ते नंतर, ते दोन मिनिटांचं आहे. आधी दुसरं आहे. मंगळवारी मी डॉक्टरांकडे गेले नव्हते. नाही, तसं काही नाहीये रे, तू बस आधी. असा उभा राहिलास की मला वाटतं मी तुझ्या टेबलावर आलेय. बस. समोर नको, इथे शेजारी, खुर्ची पुसलेली आहे.

काका — आता या तुम्ही पाच मिनिटं बाहेर जाऊन.